परक्या घाणीचा खटला

मीरा रोडला राहायला गेलेल्या माणसाला पूर्वी नातेवाईक दोनच प्रश्न विचारीत. पाणी येते का, आणि डास किती आहेत? मी १९८७ साली इथे बिऱ्हाड केले तेव्हा दोन्हींची उत्तरे देण्यासारखी नव्हती. पण गाडीतून उतरले की रुळांच्या पलीकडे मिठागरांचे चौकोन उन्हात चमकत, त्यांच्या कडेने तिवरांची हिरवी किनार दिसे, आणि भरतीच्या वेळी खाडीचा खारा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येई. आमच्या सौभाग्यवतींना तो वास कधी आवडला नाही. मला मात्र त्या वासाने आपण एका जुन्या बंदराच्या पंचक्रोशीत राहतो याची आठवण होई. शेजारचे घोडबंदर म्हणजे घोड्यांचे बंदर, अरबी घोडे इथे उतरत म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. परदेशातून गलबत येते, माल उतरतो, दाम चुकते होतात, हा व्यवहार या किनाऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे. ज्या मालाला मालकच नाही असा माल आला म्हणजे काय करायचे, एवढेच आम्हांला कोणी शिकवले नाही.

हे सुचण्याचे कारण माझा नातू. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रविवारी त्याला घेऊन मी उत्तनला गेलो होतो. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. एरवी बोंबील सुकत असतात ते बांबूचे मांडव रिकामे उभे होते. नातू अनवाणी धावला आणि पाच मिनिटांनी रडवेला होऊन परत आला. दोन्ही तळव्यांना काळे, चिकट डांबर लागले होते. वाळूवर भरतीच्या रेषेने लिंबाएवढे, कुठे पेरूएवढे काळे गोळे ओळीने पडले होते. शेजारी जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका कोळीणबाईने पोराकडे पाहिले आणि घरातून खोबरेलाची बाटली आणून दिली.

"पाण्याने जायचं नाही ते. तेल लाव नि खरवडून काढ," ती म्हणाली. "दर पावसाला येतंय. जाळ्याला लागलं की जाळं गेलं समजायचं."

"येतं कुठून पण?" मी विचारले.

तिने हनुवटीने समुद्र दाखवला. त्या दिशेला क्षितिजापर्यंत पाण्याखेरीज काही नव्हते.

परत येताना बसमध्ये नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही कोर्टात होतात ना? मग केस करा की त्यांच्यावर."

मी ठाण्याच्या न्यायालयात तीस-बत्तीस वर्षे कारकुनी केली. शेवटी शेवटी शिरस्तेदार झालो. न्यायाधीश न्याय देतात, पण कागद आधी आमच्या हातातून जातो. दावा दाखल करायला कोणी आले की आम्ही पहिल्यांदा पाहायचो ती मुद्द्याची गोष्ट नव्हे, न्यायशुल्काचा हिशेबही नव्हे. आम्ही पाहायचो हद्द. दाव्याचे कारण कुठे घडले? प्रतिवादी कुठे राहतो? शहापुरात चोरलेली म्हैस मोखाड्यात विकली गेली तर खटला कुठे चालायचा, यावर दोन वकील अर्धा दिवस घालवीत, आणि म्हैस तोवर पोलीस चौकीच्या दारात हंबरत उभी राही. आता नातवाच्या पायाला लागलेल्या डांबराची हद्द कुठली? जहाज पनामाचे, मालक कतारचा, खलाशी चार देशांचे, तेल सांडले अरबी समुद्रात, आणि घाण उत्तनच्या वाळूवर. मी त्याला सांगितले, "बाळ, ही केस दाखल करून घ्यायला टेबलच नाही."

हे उत्तर पुरते खरे नव्हते, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर टोचू लागले. निवृत्त माणसाला वेळ असतो. तेव्हापासून जमेल तितके निकाल आणि इतिहास वाचीत आलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

या जातीचा पहिला मोठा खटला धुराचा आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ट्रेल नावाच्या गावी जस्त-शिसे वितळवण्याचा प्रचंड कारखाना होता. अमेरिकेची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर नसली, तरी कोलंबिया नदीचे खोरे धुराला नळकांड्यासारखे थेट वॉशिंग्टन राज्यात पोचवीत असे. गंधकाच्या त्या धुराने तिथल्या शेतकऱ्यांची पिके आणि झाडे करपली. आता गंमत पाहा. शेतकऱ्याने आपल्या गावच्या कोर्टात जावे तर कारखाना परदेशी. कॅनडाच्या कोर्टात जावे तर नुकसान परदेशातल्या जमिनीचे. दोन्हीकडे टेबल नाही! अखेर १९३५ साली दोन्ही सरकारांनी करार करून लवाद नेमला. एक अमेरिकन, एक कॅनेडियन, आणि अध्यक्ष बेल्जियमचे यान होस्टी. त्यांच्या मदतीला दोन शास्त्रज्ञ. १९३८ साली त्यांनी ७८,००० डॉलरची भरपाई ठरवली आणि ११ मार्च १९४१ रोजी अंतिम निवाडा दिला. महायुद्ध पेटलेले असताना तीन माणसे धुराचा न्याय करीत बसली होती, ही गोष्ट मला फार लोभस वाटते. आपल्या भूमीचा असा वापर करण्याचा हक्क कोणत्याही राष्ट्राला नाही की ज्याच्या धुराने शेजाऱ्याच्या भूमीला गंभीर इजा व्हावी, हे तत्त्व त्यांनी प्रथम स्वच्छ शब्दांत मांडले. आज जगभरचे न्यायाधीश तो निवाडा उद्धृत करतात. पण तिथे वादी-प्रतिवादी होते दोन शेजारी, तेही सुखवस्तू आणि एकमेकांशी बोलणारे. गरीब देशाच्या दारात श्रीमंत देशाने घाण टाकली तर?

ते उत्तर नायजेरियातल्या कोको या बंदरात मिळाले. १९८८ साली उघडकीस आले की इटलीतून आलेली विषारी रसायनांची हजारो पिंपे तिथल्या एका गृहस्थाच्या परसात रचून ठेवली आहेत. जागेचे भाडे होते महिना सुमारे १०० डॉलर. त्या बिचाऱ्याला पिंपांत काय आहे याची कल्पनाही नव्हती. नायजेरियाने काय केले? आपला राजदूत परत बोलावला आणि बंदरात उभे असलेले एक इटालियन जहाज अडकवून ठेवले. न्यायालयाच्या समन्सपेक्षा ही भाषा लवकर कळली! इटलीला माल परत न्यावा लागला. तो घेऊन निघालेल्या 'कारिन बी' या जहाजाला मग युरोपातली बंदरे एकामागून एक नकार देत सुटली. जी घाण आफ्रिकेत खपणार होती ती आपल्या धक्क्याला लावून घ्यायला कोणीही तयार होईना.

या आणि अशा प्रकरणांच्या लाजेतून २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी करार झाला. आपल्याकडे त्याला 'बेसेल करार' म्हणतात. घातक कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर आधी त्या देशाला कळवा, त्याची लेखी संमती घ्या. चोरून पाठवलात तर तो गुन्हा मानला जाईल आणि पाठवणाऱ्या देशाने तो परत न्यावा, असा त्याचा गाभा. भारताने जून १९९२ मध्ये त्याला मान्यता दिली. कागद उत्तम आहे. मी जन्मभर कागद हाताळले आहेत, म्हणून सांगतो, मसुदा पक्का आहे. पण मसुदा आणि बजावणी यांमध्ये बेलिफ नावाचा माणूस लागतो, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याला बेलिफ नाही.

आता आपल्या दाराशी या. आमच्या मीरा रोडहून दक्षिणेला, मुंबई बंदराच्या पलीकडच्या तीरावर न्हावा-शेवा आहे. तिथले जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली, म्हणजे बेसेल करार झाला त्याच वर्षी सुरू झाले. योगायोगच म्हणायचा! या बंदरात १३३ कंटेनर येऊन पडले. कागदोपत्री त्यांत वंगणाचे तेल होते. तपासणीत निघाले टाकाऊ, घातक तेल. परदेशी यंत्रांनी वापरून फेकलेले तेल चांगल्या तेलाच्या नावावर इकडे उतरवायचे, म्हणजे तिकडच्यांचा विल्हेवाटीचा खर्च वाचतो आणि इकडच्यांना स्वस्तात भट्टीला घालायला मिळते. मध्ये जो धूर होतो, जे पाणी बिघडते, त्याची पावती कोणाच्याच नावे फाटत नाही.

घातक कचऱ्याच्या आयातीविरुद्ध एका संशोधन संस्थेने १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. न्यायालयाने १९९७ साली शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. १४ ऑक्टोबर २००३ रोजी सविस्तर आदेश देऊन देखरेख समितीही बसवली. आणि त्या १३३ कंटेनरांचा निकाल लागला ५ जानेवारी २००५ रोजी: तेल भट्टीत जाळून नष्ट करावे, खर्च आयात करणाऱ्यांकडून घ्यावा. धोका पुरता सिद्ध होईपर्यंत वाट पाहत बसू नये, हे सावधगिरीचे तत्त्व आणि ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी हे दुसरे, अशी दोन्ही तत्त्वे त्यात आली.

निकाल चांगलाच होता. पण जुन्या कारकुनाच्या डोळ्याला त्यात एक रिकामी जागा दिसते. माल उतरवून घेणारे पकडले गेले, त्यांना खर्च पडला. माल पाठवणारे कोण होते? ज्या बंदरात तो चढला तिथल्या अधिकाऱ्याने कोणता कागद पाहून शिक्का मारला? त्या देशातल्या सरकारी वकिलाने कधी कोणाला विचारले का? करारात परत पाठवण्याची वाट होती. प्रत्यक्षात ते तेल इथेच जाळावे लागले. चोरीचा माल घेणारा सापडला आणि चोर आपल्या घरी सुखाने राहिला, यातला प्रकार.

याच्या पुढच्याच वर्षी मात्र एक असा प्रसंग घडला की त्याची गोष्ट सांगताना मला अजून उत्साह येतो. फ्रान्सच्या आरमारात 'क्लेमांसो' नावाची विमानवाहू युद्धनौका होती. १९६१ साली ती सेवेत आली, १९९७ साली निवृत्त झाली. लांबी सुमारे २६५ मीटर, म्हणजे आमच्या मीरा रोड स्थानकाच्या फलाटाला लागली असती तर बारा डब्यांच्या गाडीशी बरोबरी करती! अशा म्हातारीचे करायचे काय? मोडून लोखंड विकायचे. पण त्या काळच्या जहाजांच्या पोटात भिंतींना, नळांना, भट्ट्यांना ॲस्बेस्टॉस गच्च भरलेले असे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन बाहेर पडतात. युरोपात ते काढायचे तर हवाबंद तंबू, मुखवटे, तपासण्या, आणि अफाट खर्च. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर गॅसकटर घेतलेला ओडिशाचा किंवा बिहारचा मजूर ते उघड्या हातांनी काढतो.

फ्रान्स सरकारने ठरवले, जहाज अलंगला पाठवायचे. वरवरचे ॲस्बेस्टॉस तूलाँ बंदरात काढले आहे, आता ४५ टनच उरले आहे, असे सरकार म्हणे. आधी सफाई करणारी कंपनी म्हणे, अहो, त्याच्या कितीतरी पट आहे. फ्रान्समधल्या ॲस्बेस्टॉस-पीडितांच्या संघटना, म्हणजे त्याच धुळीने ज्यांचे बाप-नवरे गेले अशी माणसे, पॅरिसच्या न्यायालयात गेली. ३० डिसेंबर २००५ रोजी खालच्या न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, नौकेला दोर लावून ओढायला सुरुवात झाली. सरकारी खाते एवढ्या तातडीने काम करताना मी माझ्या नोकरीत कधी पाहिले नाही.

जानेवारीत सुएझच्या तोंडाशी इजिप्तने नौका काही दिवस थांबवून ठेवली, मग जाऊ दिली. इकडे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीचे अध्यक्ष त्यागराजन यांनी तिला भारतात येऊ देऊ नये असे मत दिले. समितीतही एकमत नव्हते. १३ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या तज्ज्ञांची समिती नेमायचे ठरवले; तोवर नौकेने आपल्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही. आणि दोनच दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, पॅरिसमध्ये 'कॉन्सेय देता', म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींचे तिथले सर्वोच्च न्यायपीठ, याने जहाज बाहेर पाठवण्याची परवानगीच स्थगित केली. युद्धनौका असली तरी मोडीत काढायला निघाली की ती टाकाऊ वस्तू, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. अध्यक्ष जाक शिराक चार दिवसांनी दिल्लीला यायचे होते. त्यांनी त्याच दिवशी नौका परत बोलावली.

मग ती म्हातारी आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून, मे महिन्यात ब्रेस्टला पोचली. पुढे २००९ साली इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तिला नेऊन तिथे रीतसर मोडली.

आता यात मौज कोणती? दिल्लीच्या आणि पॅरिसच्या न्यायाधीशांनी एकमेकांना एक ओळही लिहिली नव्हती. दोघांनी आपापल्या देशाचा कायदा वाचला, आपापल्या दारात आलेल्या माणसांचे ऐकले, आणि दोन दिवसांच्या अंतराने एकाच ठिकाणी येऊन पोचले. खरा पत्रव्यवहार झाला तो त्यांच्या दारात उभ्या असलेल्या माणसांमध्ये. पॅरिसमधल्या विधवांचे कागद दिल्लीला येत होते आणि दिल्लीच्या समितीची बातमी पॅरिसच्या वकिलाच्या हातात पडत होती. सगळ्यांत मोठी आंतरराष्ट्रीय सहकार्याची गोष्ट म्हणून हिला जगात मान आहे आणि तिच्यात अधिकृत सहकार्य शून्य आहे! मला हे थोडे दुखते. योग जुळला म्हणून चालले. फ्रान्समध्ये त्या विधवा नसत्या तर?

अधिकृत रीतीने काय करावे लागते, ते मी जवळून पाहिले आहे. फौजदारी तपासात परदेशातला साक्षीदार किंवा कागद हवा असेल तर न्यायालयाने तिथल्या न्यायालयाला विनंतीपत्र धाडायचे, अशी सोय १९९० साली आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६६-अ म्हणून घातली गेली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. माझ्या सबंध नोकरीत असे एकच पत्र माझ्या टेबलावरून गेले. प्रकरण पर्यावरणाचे नव्हते, पैशांच्या अफरातफरीचे होते. पत्र न्यायालयातून दिल्लीच्या गृहखात्याकडे, तिथून त्या देशाच्या मंत्रालयाकडे, तिथून त्यांच्या न्यायालयाकडे, अशी यात्रा. सोबत त्यांच्या भाषेतले प्रमाणित भाषांतर, प्रत्येक पानावर शिक्का. अकरा महिन्यांनी ते परत आले. का? एका जोडपत्रावर शिक्का उमटला नव्हता. मी पुन्हा पाठवले. उत्तर आले तेव्हा मूळ आरोपी वारला होता. ते पत्र नष्ट करण्याच्या यादीत घालताना माझा हात क्षणभर अडखळला होता, इतके ते सुबक टाईप केलेले होते.

हे कंटेनरातल्या तेलाला लावून पाहा. कंटेनर गळत असतात. जहाजाचे नाव दोन महिन्यांत बदलते, निशाण तीन महिन्यांत, आणि कंपनी विसर्जित व्हायला तर दुपार पुरते. विनंतीपत्र मात्र शिक्क्यांच्या वेगाने चालते. म्हणून न्यायाधीशांनाच वाटू लागले की आपसात ओळख असावी. ऑगस्ट २००२ मध्ये जोहान्सबर्गला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने अनेक देशांच्या सरन्यायाधीशांना एकत्र बसवले. २०१० साली मनिलाला आशियाई न्यायाधीशांचे पर्यावरणासाठी मंडळ निघाले. युरोपातल्या सरकारी वकिलांनी २०१२ साली आपली संघटना उभारली. अशा बैठकांना नावे ठेवणे सोपे आहे: भोजने, भाषणे, समूह-छायाचित्र. माझेही प्रथम तेच मत होते. पण आमच्या कचेरीचा अनुभव आठवला. ठाण्याहून नाशिकच्या न्यायालयाला पत्र गेले की सहा महिने लागत, आणि तिथल्या शिरस्तेदाराशी एकदा चहा झालेला असला की तेच काम आठवड्यात होई. ओळखीचा माणूस शिक्का राहिला तर पत्र परत करीत नाही, फोन करतो.

२०११ चा पावसाळा मुंबईकरांना आठवत असेल. जूनमध्ये 'विस्डम' नावाचे मोडीत निघालेले जहाज, कोलंबोहून अलंगला ओढून नेताना दोर तुटून, जुहूच्या चौपाटीवर येऊन बसले. जुलैअखेर 'पवित' नावाचे टाकून दिलेले जहाज ओमानकडून भरकटत, कोणाच्याही नजरेस न पडता, त्याच जुहूला आले. लोक भेळ खात जहाज पाहायला गेले. मीही गेलो होतो, खोटे कशाला सांगू? आणि ४ ऑगस्टला 'राक' नावाचे पनामाच्या निशाणाचे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. खलाशी वाचले. पण साठ हजार टनांवर कोळसा आणि टाकीतले जवळजवळ ३४० टन इंधन तळाला गेले, आणि मग ते तेल थोडे थोडे वर येऊ लागले. किनाऱ्यावर तवंग आला, मासे घ्यायला लोक घाबरू लागले, तिवरांच्या मुळांना काळा लेप बसला.

एका पर्यावरणप्रेमी नागरिकाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्या पीठाने निकाल दिला: जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचेच नव्हते, मालकांनी १०० कोटी रुपये भरपाई द्यावी, ज्यांचा कोळसा बुडाला त्या कंपनीने ५ कोटी. भारताच्या प्रादेशिक समुद्राच्या बाहेर बुडालेल्या परदेशी जहाजावर आपल्या न्यायपीठाने हद्द चालवली! प्रतिवादी म्हणाले होते, ही तुमची हद्दच नव्हे. पीठाने म्हटले, घाण आमच्या किनाऱ्याला लागते, आमचा अधिकार पोचतो. तो निकाल मी तीनदा वाचला. नातवाला मी चुकीचे सांगितले होते. टेबल होते.

पण निकाल आणि वसुली यांत पुन्हा तोच बेलिफ. मालक कतारमधले, जहाज समुद्राच्या तळाशी. इथे जप्त करायला काय आहे? अशा वेळी तिथल्या न्यायालयाने आपला निकाल मानला पाहिजे, तिथल्या सरकारी वकिलाने मालकाच्या दारावर थाप मारली पाहिजे. नॉर्वेत असे घडलेले आहे. पाकिस्तानातल्या गदानीच्या किनाऱ्यावर मोडायला पाठवायच्या एका जहाजाचे इंजिन २०१७ साली नॉर्वेच्याच किनाऱ्यालगत बंद पडले आणि बिंग फुटले. २०२० साली तिथल्या न्यायालयाने त्यात गुंतलेल्या जहाजमालकाला सहा महिन्यांचा तुरुंगवास ठोठावला. आपल्या उपखंडातल्या मजुराच्या फुप्फुसासाठी नॉर्वेचा धनिक तुरुंगात जातो, ही घटना मला ट्रेलच्या निवाड्याइतकीच मोठी वाटते. इंजिन बंद पडले नसते तर जहाज सुखरूप गदानीला पोचले असते, ही त्यातली दुसरी बाजू.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. परदेशी सरकारी वकिलाने आपल्याला मदत करावी तर बहुतेक देशांत एक अट असते: ज्या कृत्याबद्दल मदत मागता ते दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. आपल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आणला. १ एप्रिल २०२४ पासून तसे लागू झाले. कैदेच्या तरतुदीने क्वचितच कोणी आत गेला होता, दंड निदान वसूल तरी होईल, असे समर्थन केले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ते खटले कसे कुजत ते मी पाहिले आहे. चोरून माल आणणाऱ्यासाठी सीमाशुल्काच्या कायद्यातली कैद अजून आहेच. पण त्याच २०२४ साली युरोपीय संघाने पर्यावरणाच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा वाढवणारा निर्देश काढला. उद्या रॉटरडॅमच्या वकिलाला आपण लिहू की या माणसाचे कागद पाठवा, आणि तो उलट विचारील, तुमच्याकडे याला गुन्हा म्हणतात की नुसता दंड? तेव्हा विनंतीपत्र टाईप करणाऱ्या माझ्या वारसदाराने काय लिहायचे?

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा उत्तनला गेलो. नातू आता मोठा झाला आहे. चपला घालून चालतो. त्याने एक काळा गोळा काडीने उचलून रिकाम्या डबीत भरून घरी आणला. मुद्देमालाला चिठ्ठी लावावी लागते, हे मीच त्याला कधीतरी सांगितले होते. त्याने मला चिठ्ठी लिहायला लावली. मी सवयीप्रमाणे तारीख, ठिकाण, वर्णन लिहिले, आणि 'आरोपीचे नाव' या रकान्यापाशी थांबलो. "जहाज लिहा सध्या," तो म्हणाला. मी लिहिले.

परवा दिवाळीची साफसफाई करताना सौभाग्यवतींना ती डबी पुस्तकांच्या कपाटात सापडली. ऑक्टोबरच्या उन्हाने गोळा विरघळून चिठ्ठीवर पसरला आहे. टाकून द्या म्हणून त्यांचा तगादा चालू आहे. कुठे टाकायचा, हे मी त्यांना विचारले आहे.